रात्री दोनला फोन कोण उचलणार?

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातमध्ये. भुसावळहून सुरतेला जाणाऱ्या गाडीतून खानदेशातल्या मुली एएनएम नाहीतर जीएनएमचं सर्टिफिकेट घेऊन हे स्टेशन ओलांडतात आणि उधन्याला उतरतात. सुरतेच्या लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत कुणी ना कुणी नात्यातलं असतंच. पहिली नोकरी बहुधा एखाद्या लहान खासगी हॉस्पिटलात लागते. तिथे वर्ष-दोन वर्षं काढली की मैत्रीण सांगते, 'अगं, होम केअर एजन्सीत ये. एकच पेशंट, वर एसी, पैसेही जास्त.' मग घरात चर्चा सुरू होते. आई नको म्हणते, नवरा बघ म्हणतो, आणि सिस्टर हिशेब मांडत बसते.

हिशेब मांडायलाच हवा, कारण काम खरं आहे आणि ते वाढणार आहे. वेसू, पाल, अडाजण, वराछा या भागांतल्या मोठमोठ्या फ्लॅटमध्ये म्हातारे आईवडील एकटे राहतात. मुलगा मुंबईत, नाहीतर अमेरिकेत, हिऱ्यांच्या धंद्यात असेल तर अँटवर्पला. पक्षाघाताचा पेशंट हॉस्पिटल लवकर घरी पाठवतं, कारण आयसीयूचं बिल दिवसागणिक चढतं. घरी तो नाकातल्या नळीसह येतो, लघवीच्या पिशवीसह येतो, कधी गळ्याला भोक पाडून बसवलेल्या ट्यूबसह येतो. हे सांभाळणं सुनेच्या किंवा मोलकरणीच्या आवाक्यातलं काम नव्हे. त्यासाठी शिकलेली सिस्टर लागते. तेव्हा 'घरी जाऊन काम करू नकोस' हा सल्ला फुकटचा आहे.

माझं सांगणं एवढंच की पगार दुसऱ्या क्रमांकाला विचारा. पहिला प्रश्न हा : रात्री दोन वाजता पेशंटच्या घशात कफ अडकला, ओठ निळे पडायला लागले, तर मी कुणाला फोन करायचा आणि तो कोण उचलणार?

हॉस्पिटल कितीही कंजूष असलं तरी तिथे सिस्टर एकटी नसते. हाक मारली की वॉर्डबॉय येतो. आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, झोपेतून उठून का होईना, पण येतो. ऑक्सिजन भिंतीतून येतो. शंका आली तर सीनियर सिस्टर शेजारच्या वॉर्डात असते. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी होत होती. गाड्या भरभरून माणसं पळाली, अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपं लावली. सिव्हिल हॉस्पिटलच्या वॉर्डात सिस्टर्स कामावर होत्या. त्यांचं धैर्य मोठं होतं, आणि त्या धैर्याला संस्थेचा आधार होता. औषध होतं, डॉक्टर होते, पुढच्या पाळीला येणारी माणसं होती.

नर्स घरी जाते तेव्हा हा सगळा आधार दाराबाहेर राहतो. तो आधार द्यायचा आहे म्हणून तर एजन्सी आहे. एजन्सीने पेशंटच्या डॉक्टरचा लेखी आदेश आणून द्यायचा. रात्री बोलू शकेल असा डॉक्टर किंवा सुपरवायझर ठेवायचा. बदली सिस्टर ठेवायची. ॲम्ब्युलन्स कुठून येणार हे आधी ठरवायचं. यातलं काहीच न करता नुसता पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवून कमिशन कापणारी एजन्सी ही दलाल आहे. दलालासाठी आपलं रजिस्ट्रेशन पणाला लावू नका.

* * *

आता पैसे. मैत्रीण म्हणते पैसे जास्त. समजा, हॉस्पिटल महिना सोळा हजार देतं आणि एजन्सी वीस हजार. हॉस्पिटलची ड्युटी आठ तासांची, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे २०८ तास. ताशी पडले जवळजवळ ७७ रुपये. एजन्सीची ड्युटी बारा तासांची, म्हणजे ३१२ तास. ताशी पडले ६४. चार हजार वाढले आणि दर उतरला. वर उधन्याहून वेसूला जायचा-यायचा रिक्षाखर्च. पाकीट मोजून भागत नाही, तासाने भागायला हवं.

बारा तासांची ड्युटी आठवड्यात सहा दिवस केली की ७२ तास होतात. आठवड्याच्या ४८ तासांपुढच्या कामाला दुप्पट दर हा कामगार कायद्याचा जुना नियम आहे. म्हणजे वरचे २४ तास दुप्पट धरायचे. ७२ तासांच्या कामाची मजुरी ९६ तासांची झाली. एजन्सी ही मजुरी देते का? बहुतेक ठिकाणी 'आमच्याकडे फिक्स असतं' एवढंच उत्तर मिळतं. आणि चोवीस तासांची ड्युटी म्हणजे काय, हे तर सरळ विचारा. एका माणसाने चोवीस तास जागं राहून दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची, औषधं द्यायची, सक्शन करायचं, हे शक्य नाही. ती झोपणारच. ती झोपली असताना पेशंटला काही झालं तर दोष तिच्यावर येणार. असं काम स्वीकारणं म्हणजे पेशंटचा जीव आणि आपली नोंदणी दोन्ही धोक्यात घालणं.

घरच्यांकडून एजन्सी किती घेते आणि आपल्या हातात किती देते, हेही विचारा. हा आकडा लपवायचं काही कारण नाही. मधल्या पैशांत प्रशिक्षण, सुपरवायझर, विमा, बदली सिस्टर हे सगळं येत असेल तर तो वाजवी आहे. यातलं काहीच येत नसेल, तर ती तुमच्या घामातून केलेली कपात आहे.

* * *

नर्सेसच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. प्रा. जगदीश प्रसाद यांच्या समितीने खाटांवरून पगाराची शिफारस केली. दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. शंभरहून अधिक असतील तर फार तर दहा टक्के कमी. पन्नास ते शंभर असतील तर फार तर पंचवीस टक्के कमी. पन्नासच्या खाली असतील तरी महिना किमान २०,००० रुपये. केरळच्या नर्सेस रस्त्यावर उतरल्या, संपाच्या तयारीने उभ्या राहिल्या आणि एप्रिल २०१८ मध्ये तिथल्या सरकारला खासगी हॉस्पिटलांसाठी २०,००० रुपये किमान वेतनाची अधिसूचना काढावी लागली.

होम केअर एजन्सीकडे खाटा किती? एकही नाही. खाट पेशंटच्या घरची, चादर पेशंटच्या घरची, औषधं पेशंटच्या घरची. खाटांवर आधारलेल्या त्या कोष्टकात घरी जाणारी सिस्टर कुठेच बसत नाही. आयसीयूमध्ये जे काम ती करत होती, तेच काम बेडरूममध्ये, तेही एकटीने करते आणि तिच्या पगाराला मोजमापच नाही. ही पोकळी भरायचं काम सरकारचं आहे. गुजरात सरकारने ते केरळकडून शिकावं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतली एक गोष्ट प्रत्येक सिस्टरने पाठ करून ठेवावी : दहा किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या मालकाने प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र द्यायचं आहे. त्यावर पद, पगार, कामाचे तास लिहिलेले हवेत. दुसरी गोष्ट अधिक सावधपणे वाचावी. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार असा नवा वर्ग आहे. कोणकोणत्या धंद्यांतल्या कंपन्या त्यात येतात त्याची यादी सातव्या अनुसूचीत आहे आणि त्या यादीत आरोग्यसेवाही आहे. ॲपवर चालणाऱ्या एजन्सीला उद्या सिस्टरला 'पार्टनर' म्हणायचा मोह होईल. पार्टनरच्या कल्याणासाठी कंपनीने उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधीत भरायचे आहेत. कर्मचाऱ्याचे हक्क याहून कितीतरी मोठे आहेत.

फरक आकड्यांत बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कर्मचाऱ्याला ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू होतो. वीस हजारांवर सिस्टरचे १५० रुपये कापले जातात आणि मालकाला ६५० रुपये भरावे लागतात. त्या बदल्यात तिला आणि कुटुंबाला उपचार मिळतात, आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, बाळंतपणाची २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या, नुकतं लग्न झालेल्या मुलीला ही २६ आठवड्यांची रजा चार हजारांच्या वाढीपेक्षा मोठी आहे. एजन्सीने महिन्याचे ६५० रुपये वाचवावेत म्हणून ती सोडून देऊ नका.

* * *

आता ज्या गोष्टीवर घरात हळू आवाजात बोललं जातं तिच्याकडे येऊ. परक्या घरात, रात्री, बंद दाराआड. आईच्या 'नको'मागे हीच भीती असते आणि ती अनाठायी नाही.

लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घर स्पष्टपणे धरलेलं आहे. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं हे याच कायद्याने मालकाचं कर्तव्य ठरवलं आहे. म्हणजे पेशंटच्या मुलाने, जावयाने, ड्रायव्हरने हात लावला तर 'तो आमचा माणूस नाही' असं म्हणून एजन्सीला सुटता येत नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर एजन्सीत तक्रार समिती हवी. त्याहून लहान एजन्सी असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. एजन्सीत पाऊल टाकतानाच विचारा : समितीवर कोण आहे, नाव सांगा. ज्यांना नाव सांगता येत नाही त्यांनी समिती केलेलीच नाही.

छळ एवढाच नसतो. 'बेन, जरा चा मूकी दो ने', म्हणजे 'ताई, जरा चहा टाका ना', इथून सुरुवात होते. मग पेशंटचे कपडे धुता धुता घरातल्या सगळ्यांचे कपडे येतात, मग नातवाला बसपर्यंत सोडायचं काम येतं. काही घरांत सिस्टरला पाणी वेगळ्या पेल्यात देतात. जी बाई बांचं, म्हणजे घरातल्या आजींचं, मलमूत्र साफ करते, तिच्या हातून बा औषध घेतात, तिलाच वेगळा पेला. हे सहन करायचं कारण नाही. सिस्टरने काय करायचं आणि काय करायचं नाही याची यादी एजन्सीने पहिल्या दिवशी घरच्यांच्या हातात द्यायला हवी आणि तिच्यावर त्यांची सही घ्यायला हवी. जेवण, स्वच्छतागृह, विश्रांतीची जागा हेही त्यातच यावं. नाही म्हणायची वेळ एकट्या सिस्टरवर का यावी? ते एजन्सीने म्हणायचं.

आणि सुई. इन्सुलिन देताना, रक्त घेताना सुई आपल्याच बोटात गेली तर? हॉस्पिटलात यासाठी ठरलेली पद्धत असते. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, दोन तासांत मिळालं तर उत्तम, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी हा कचरा हाताळणाऱ्या आपल्या माणसांना हेपटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं हॉस्पिटलांवर बंधनकारक केलं. तीच काळजी घराघरांत सुया वापरणाऱ्या सिस्टरचीही घ्यायला हवी. एजन्सीने लस दिली आहे का, सुया टाकायला डबा देते का, सुई टोचली तर कोणत्या हॉस्पिटलात जायचं, ही तीन उत्तरं ड्युटीवर जायच्या आधी मिळवा.

* * *

स्वतःकडेही एकदा बघावं लागेल. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव असलेल्या सिस्टरने सुरतेत काम करायचं तर गुजरात नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी करून घ्यायला हवी. नवापूरला राज्य बदललं, तशी नोंदणीही बदलायला हवी. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला. राष्ट्रीय नोंदवही आणि राज्यांच्या नोंदवह्या हा त्याचा कणा आहे. नोंदणी करून घ्यायला खेटे घालावे लागतात हे खरं, पण उद्या वाद झाला तर आपण कोण हे तीच सांगेल.

एजन्सीने मूळ सर्टिफिकेट मागितलं तर दाखवा, झेरॉक्स द्या आणि मूळ परत घ्या. बाँडवर न वाचता सही करू नका.

एक गोष्ट सिस्टर्सनीच थांबवायला हवी. बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांचा केअरटेकरचा कोर्स केलेल्या, किंवा काहीच न शिकलेल्या मुलीला पांढरा कोट घालून नर्स म्हणून पाठवलं जातं. तिची चूक नाही, तिलाही पोट आहे. आंघोळ घालणं, भरवणं, चालवणं ही तिची कामं मोलाचीच आहेत. पण नाकातली नळी पोटाऐवजी फुप्फुसात गेली तर ते तिला कळणार नाही. त्या घरी पेशंट मरू शकतो. शिवाय नर्सच्या नावाखाली स्वस्त माणूस मिळालं की खऱ्या नर्सचा दर पडतो. आपल्या एजन्सीत हे चालत असेल तर गप्प राहू नका.

* * *

परिचर्येला संस्थेचा आधार लागतो हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी कळलेलं होतं. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने गरजू मुलींना, विधवांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला पाठवलं तेव्हा त्यांच्या राहण्याची सोयही संस्थेने केली. घराबाहेर पडणाऱ्या मुलीच्या मागे कुणीतरी उभं राहायला हवं, हे रमाबाईंना माहीत होतं.

जपानमध्ये १९९२ पासून पेशंटच्या घरी जाणाऱ्या नर्सेसची केंद्रं आहेत. तिथे केंद्राची प्रमुख नर्सच लागते आणि अडीच पूर्णवेळ नर्सेसच्या बरोबरीचं मनुष्यबळ असल्याशिवाय केंद्र काढता येत नाही. एकट्या बाईच्या भरवशावर हे काम चालत नाही हे त्यांनी नियमातच लिहून ठेवलं. नेदरलँड्समध्ये योस द ब्लोक या नर्सने २००६ मध्ये 'ब्यूर्टझोर्ख' सुरू केली. बारापर्यंत नर्सेसचा एक गट आपली पाळी, आपले पेशंट, आपली बदली स्वतः ठरवतो, वर सुपरवायझरांची उतरंड नाही. काही नर्सेसपासून सुरू झालेलं हे काम हजारो नर्सेसपर्यंत गेलं.

हे सुरतेत का होऊ नये? १९७२ मध्ये अहमदाबादेत इला भट्टांनी सेवा संघटना उभी केली ती याच गुजरातेत. घरी बसून शिवणाऱ्या, टोपलीत भाजी विकणाऱ्या, मालक कोण हेच ठरत नसलेल्या बायकांची ती संघटना होती. सिव्हिल आणि स्मीमेर हॉस्पिटलांमधून निवृत्त झालेल्या अनुभवी सिस्टर्स या शहरात आहेत. लिंबायत-डिंडोलीत आठ-दहा नोंदणीकृत नर्सेस सहज एकत्र येतील. निवृत्त सिस्टर सुपरवायझर, एक डॉक्टर सल्ल्याला, हिशेब सगळ्यांसमोर, आणि दलाली शून्य. सहकाराचं बाळकडू मिळालेल्या खानदेशी आणि गुजराती माणसाला हे अवघड वाटायला नको.

तोवर घरच्यांनीही आपली बाजू सांभाळावी. नर्स ठेवताना आपण 'मुलगी चांगली आहे ना?' एवढंच विचारतो. तिचा नोंदणी क्रमांक विचारा. तिला हातात किती मिळतात ते विचारा. तिची सुट्टी कधी आणि त्या दिवशी कोण येणार ते विचारा. दमलेल्या, उपाशी, घाबरलेल्या नर्सच्या हातात आपली आई देऊ नका. आणि सुरत महानगरपालिका गुमास्ता लायसन्स देते, तेव्हा होम केअर एजन्सीकडून नोंदणीकृत नर्सेसची यादी आणि तक्रार समितीची नावं मागून घ्यावीत. त्यासाठी नव्या कार्यालयाची गरज नाही, अर्जात दोन रकाने वाढवले की पुरे.

सिस्टर, तुम्ही एजन्सीत जायचं की नाही हे तुम्हीच ठरवाल. दूधपितं मूल घरी असेल, वॉर्डात तीस पेशंट सांभाळून पाठ गेली असेल, तर एका पेशंटचं काम तुम्हाला जमेल आणि आवडेलही. एका माणसाला पडल्या अवस्थेतून पुन्हा उभं करणं हे वॉर्डात क्वचित बघायला मिळतं, घरी ते रोज थोडं थोडं दिसतं. पण नेमणूकपत्र, तास, दुप्पट दर, ईएसआयसी, समितीची नावं आणि रात्री दोनचा फोन नंबर हे सगळं लेखी घ्या. नंबर मिळाला की त्याच रात्री दोनला लावून बघा. कुणी उचलला तर दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जा. नाही उचलला तर दुसरी एजन्सी शोधा. या शहराला तुमची गरज आहे, त्यामुळे अटी घालायचा हक्क तुमचा आहे.